चार नंबरच्या बेडवरची लालीबाई

पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. शपथेवर सांगतो.

मी तिथे नव्हतो. माझी बायको नलू होती. ती खोटं बोलत नाही, बोलली तरी तिला जमत नाही.

गाव दिग्रस. मार्च महिना, मंगळवार, दुपारचे दोन. अमावस्या नव्हती. परीक्षा होती.

कापसाच्या बंद जिनिंगच्या मागे एका हॉलमध्ये रुग्णसेवेचा सहा महिन्यांचा कोर्स चालायचा. अंथरुणातल्या माणसाला पुसून काढणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, नाडी मोजणं. चार बेड, एक खिडकी, आणि हवेत अजून कापूस.

नलू बेचाळीस वर्षांची. पहिल्या खेपेला नापास झाली होती. नाडीच सापडली नाही. या वेळी सापडली नाही तर नाव कटणार होतं, आणि यवतमाळच्या दवाखान्यातली कबूल झालेली नोकरीही.

आता एक गोष्ट, जी मला नंतर कळली.

बॅच मंजूर व्हायला बारा नावं लागतात. बाया आल्या अकरा. क्लार्क खेमसिंगने बारावं नाव स्वतःच लिहिलं. लालीबाई. सहा महिने रोज तिची हजेरी लावली. एक खाडा नाही. माझ्या बायकोचे नऊ होते.

परीक्षक मॅडम नागपूरहून आल्या. मान खाली घालून हजेरी घेऊ लागल्या.

"लालीबाई?"

खेमसिंग खुर्चीतून उठला. तो "आजारी हाय" म्हणणार, तेवढ्यात…

मागून आवाज आला.

"हजर."

कुठल्यातरी पोरीनं सांभाळून घेतलं, असं खेमसिंगला वाटलं. त्याने मनातल्या मनात तिचे आभारही मानले.

प्रॅक्टिकल जोडीने होतं. एकीने रुग्ण व्हायचं, दुसरीने सेवा करायची. पाच जोड्या झाल्या. नलू उरली.

"नलू आणि लालीबाई," मॅडम कागदात बघत म्हणाल्या. "चार नंबर."

खिडकीजवळच्या बेडवर कोणीतरी भिंतीकडे तोंड करून निजलं होतं. चादर कानापर्यंत.

खेमसिंगने शेजारून एखादी बाई आणून निजवली असेल, असं नलूला वाटलं. तो काहीही करू शकतो, यावर सगळ्यांचा विश्वास होता.

नियम असा की हात लावण्याआधी रुग्णाला सांगायचं.

"मावशी, कूस बदलाची हाय बरं."

तिने चादरीची कड धरली.

पंखा फिरत होता. पण त्याचा आवाज येत नव्हता…

मग अगदी हळू…

"सहा महिने झाले माय… एकाच कुशीवर हाओ."

नलूने चादर उचलली. पाठ पाहिली.

परत झाकली.

तिने काय पाहिलं, ते मला आजवर सांगितलेलं नाही. सहा महिने कूस न बदललेल्या माणसाच्या पाठीचं काय होतं, तो धडा मात्र तिच्या पुस्तकात आहे. मी वाचला. त्या दिवशी जेवलो नाही.

नलूने त्या बाईला दुसऱ्या कुशीवर केलं. वजन लागलं नाही.

मग मनगट धरलं.

थंड.

दहा सेकंद… वीस… पूर्ण एक मिनिट.

काहीच नाही.

"नाडी किती?" मॅडमनी लिहिता लिहिता विचारलं.

नाडी सापडली नाही की बहात्तर लिहायचं, हे त्या बॅचमध्ये सगळ्यांना पाठ होतं. नलूच्या डोळ्यांसमोर यवतमाळ उभं राहिलं.

"बहात्तर."

चादरीतून आवाज आला, शांत, समजूत घातल्यासारखा.

"लिही माय. इथं सगळं लिहितातच."

नलूच्या हातातलं मनगट… नव्हतं. बेडवर चादर होती. उशीत खळगा होता.

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. खेमसिंग पाण्याचा गिलास घेऊन धावला.

"काय झालं वैनी? चांगलं तं करून राह्यल्या होत्या. जोडीदार नाही तं हवेतच हात फिरवले. आपल्याले नसतं सुचलं बाप्पा."

"चार नंबरवर कोण होतं, खेमसिंगभाऊ?"

"कोणीच नाही."

"मंग हजर कोण म्हनलं?"

"तुमच्यातलीच कोणीतरी असंन."

अकराही जणींनी नाही म्हटलं.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला धरलं. "खेमसिंग, हे नाव कोणाचं?"

"कोणाचंच नाही साहेब. म्हणून तं लिहिलं." मग त्याने हजेरीचं पान उलटून पाहिलं. "पण मले सुचलं कुठून, ते आठवून नाही राह्यलं."

नलू पास झाली. आता यवतमाळला ड्युटीवर आहे. नाडी बोटाला लागल्याशिवाय ती आकडा लिहीत नाही. मग सिस्टर ओरडतात, राउंडला उशीर होतो. घरी माझंही मनगट धरते. लागली की सोडते.

मी मात्र ती सोडेपर्यंत श्वास रोखून बसतो.

गुणपत्रिका कपाटात आहे. प्रॅक्टिकलचे पाच गुण कापलेत. शेरा असा: 'रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी हात धुतले नाहीत.'