शमुनेच्या मुलाचं नाव

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर तिच्यात स्वतःला थोडं बरं दाखवलं असतं.

माझं नाव इलिशा. तुर्कस्तानातल्या तूर अब्दीनच्या डोंगरात आमचा सुरियानी ख्रिस्ती मठ आहे. तिथल्या जुन्या पोथ्या मी सांभाळतो. दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, गुरुवार, दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन होतं. अंधाराचा भास म्हणून हे झटकून टाकायची सोय मला नाही.

आमच्याकडे एक जाडजूड ग्रंथ होता. बाहेरून एक, आतून दोन.

पहिला भाग बाराशे वर्षांपूर्वी मठातच लिहिला गेला. दुसराही तितकाच जुना, पण हात वेगळा, शाई वेगळी. तो केफर-तूतो गावच्या चर्चचा होता. तलवारीच्या वर्षी, म्हणजे १९१५च्या कत्तलीत, गाव पळालं, तेव्हा कुणीतरी तो पाठीशी बांधून मठात आणला. पुढे पोथ्या बांधणाऱ्या एकाने दोन्ही भाग एकाच पुठ्ठ्यात शिवून टाकले.

शंभर वर्षांनी गावात चार चुली पुन्हा पेटल्या. चर्चचं छप्पर झालं. आणि परतलेल्यांपैकी सैदेमावशी द्राक्षांची टोपली घेऊन आमच्या दारात आली.

"मलफोनो," ती म्हणाली. शिकलेल्या माणसाला आम्ही असंच हाक मारतो. "आमचा अर्धा द्या. पाहुणा म्हणून ठेवला होता, तुमच्याकडे घरजावई झाला."

मठाधिपती अबुना बेन्यामीन हसले. "ग्रंथात तसं लिहिलं असेल तर आजच देऊ. इलिशा, बघ."

बघायची गरज नव्हती. मला ठाऊक होतं.

शेवटच्या पानावर पाच ओळी होत्या. विहिरीत बुडालेल्या आपल्या मुलाच्या आठवणीसाठी शमुने नावाच्या बाईने हा ग्रंथ केफर-तूतोच्या चर्चला दिला होता. मुलाचं नावही तिथे होतं. वाचणाऱ्याने शेवटी दोघांची नावं घ्यावीत, ऐकणाऱ्यांनी त्यांच्यासाठी दया मागावी. आणि जो ही नावं खरवडेल, त्याच्याकडे शमुने ती मागेल.

असले शाप आमच्या पोथ्यापोथ्यांत असतात. मी शेकडो वाचले होते.

एकोणीस वर्षं मी त्या ग्रंथाला जपत होतो. गावातल्या ओल्या भिंती, उंदीर, मेणबत्त्या... मी स्वतःला हेच सांगत होतो. खरं एवढंच होतं, की तो माझ्या हातातून जावा असं मला वाटत नव्हतं.

चर्मपत्रावरची शाई पुसली जात नाही. खरवडावी लागते. आधी सुरी, मग झाव्याचा दगड. बोटांवर बारीक पांढरी भुकटी जमते.

पानाला सुरी लावण्याआधी त्यावरचं वहीत उतरवायचं, हा दुरुस्तीतला माझा नेम. त्या दिवशी वही उघडली नाही.

"तसं काही लिहिलेलं नाही," मी ग्रंथालयातून खाली येऊन सांगितलं.

सैदेमावशीने वाद घातला नाही. "तुम्ही वाचलंत म्हणजे नसेलच. मला कुठे अक्षर येतं?"

द्राक्षं मात्र ती ठेवून गेली.

त्यानंतरच्या गुरुवारी मी ग्रंथालयात एकटाच होतो. दाराला आतून कडी होती. दुसरा भाग मी मोठ्याने वाचत होतो, नेहमीसारखा. गच्चीवर कबुतरं घुमत होती.

शेवटचं पान आलं. मी थांबलो.

कबुतरंही थांबली...

"पुढे?"

माझ्या पाठीमागे. बाईचा आवाज. रागावलेला नव्हे. लेकराचा धडा ऐकणारी आई विचारते, तसा.

मी वळलो. कुणीही नव्हतं. कडी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मी पोथीला हात लावला नाही. चार वाजले... कबुतरं गप्प झाली.

"पुढे?"

आठ दिवस मी ते सोसलं. नवव्या दिवशी अबुनांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ज्या सुरीने खरवडलंस, तिनेच दोरे काप. आणि तूच नेऊन दे."

केफर-तूतोच्या चर्चमध्ये बावीस माणसं जमली होती. सगळ्यांसमोर मी गुन्हा कबूल केला. मग त्यांनी मलाच वाचायला लावलं. वाचून झाल्यावर मी म्हणालो, "देणारी शमुने."

"प्रभू तिच्यावर दया करो," सगळे म्हणाले.

मग सैदेमावशीने विचारलं, "आणि लेकरू?"

एकोणीस वर्षं ते नाव मी वाचलं होतं. खरवडल्यापासून ते माझ्या डोक्यातूनही गेलं होतं.

"तुम्हाला आठवतं का, मावशी?"

"आजी पाठ म्हणायची. लहान होते मी." तिने थोडा वेळ आठवून पाहिलं. "आम्ही कशाला लक्षात ठेवायचं, मलफोनो? लिहिलेलं होतं ना."

मला कुणी शिवी दिली नाही. चहा दिला. तो मला गिळवेना.

ग्रंथ आता गावात आहे. पण मठात रोज चार वाजता कबुतरं गप्प होतात. मी जुन्या बाप्तिस्म्यांच्या यादीतून एक नाव निवडतो. तेच पुन्हा येऊ नये म्हणून आधी तारखेसमोर वहीत लिहितो, मग मोठ्याने उच्चारतो. क्षणभर शांतता पसरते. कुणीतरी ते नाव हाती घेऊन पाहत असावं, तशी...

"पुढे?"

अशी सहाशेच्या वर नावं झाली.

काल मी नाव घेतलं. शांतता पसरली. एक मिनिट गेलं, दोन गेली. पाठीमागे कुणीतरी लांब श्वास सोडला. आणि कबुतरं पुन्हा घुमू लागली.

मी रडलो. मग गावाला कळवायचं ठरवलं, पण कोणतं नाव घेतलं होतं, ते मला आठवेना, म्हणून वही ओढली.

कालच्या तारखेसमोरचा कागद खरवडलेला होता.

माझ्या बोटांवर बारीक पांढरी भुकटी होती.