अकरावं चित्र

बाहेरगावाहून आलेलं चित्र पेटीतून लगेच काढायचं नाही, एक अख्खा दिवस त्याला इथल्या हवेची सवय होऊ द्यायची, हा संग्रहालयाचा नियम. वर्लिन होस्टेटरने तो सव्वीस वर्षांत कधी मोडला नव्हता. ओहायोतल्या कॉर्व्हिन गावचं हे लहानसं संग्रहालय. दर हिवाळ्याच्या तोंडावर तिथे जुन्या अमेरिकन चित्रांचं फिरतं प्रदर्शन येई. ती चित्रं उतरवणं, तपासणं, टांगणं हे वर्लिनचं काम.

मार्चमध्ये त्याची बायको लुएला गेली. ऑक्टोबरात चौदा चित्रं आली.

अकरावं चित्र एका शेतघराच्या स्वयंपाकघराचं होतं. खिडकीपाशी एक बाई पाठमोरी उभी. वर्लिनने विजेरी तिरपी धरून ते इंचाइंचाने पाहिलं, चित्रासोबत आलेल्या जुन्या फोटोशी ताडलं आणि कागदावर लिहिलं : वरच्या कोपऱ्यात बारीक तडा. ती पाठमोरी.

"‘ती’ नाही रे, ‘आकृती’ लिही," नोंदी सांभाळणारी टेस प्रिबिल म्हणाली. "उद्या बारसं करशील तिचं. आणि जेवलास का? की डब्यात परवाचंच सँडविच?"

"कालचं आहे," वर्लिन म्हणाला.

सोमवारी संग्रहालय बंद असे. त्या दिवशी तो सगळी चित्रं पुन्हा तपासायचा. पहिल्याच सोमवारी त्या बाईचा कान दिसला.

फोटोत कान नव्हता. नुसता अंबाडा आणि मान. चित्रात मात्र कान होता, आणि त्याची पाळी चिरलेली होती. लुएलाचीही तशीच होती. लग्नाआधी कोठारात तिचं कानातलं तारेत अडकलं होतं.

वर्लिनने चित्राजवळ नाक नेलं. ताजा रंग लपत नाही. वास जुन्या वार्निशचाच आला.

बदल दिसला की लिहायचा. लिहिला की चित्र त्याच दिवशी भिंतीवरून उतरणार, पेटीत बंद होऊन मालकाकडे परत जाणार. त्याने बराच वेळ पेन हातात धरलं. मग लिहिलं : बदल नाही.

पुढच्या सोमवारी गाल दिसला. त्याच्या पुढच्या सोमवारी पापणीचं टोक. पाहायला येणारी माणसं मोजकीच, आणि त्यांच्या हातात जुना फोटो थोडाच होता! दर सोमवारी वर्लिन तेच दोन शब्द लिहीत राहिला. आता तो सँडविचही तिथल्या बाकावर बसून खायचा. छपराची गळती थांबवल्याचं त्याने तिला सांगितलं. तिचा कोट अजून कुणाला दिलेला नाही, हेही सांगितलं.

"कुणाशी बोलतोयस?" टेसने दारातून विचारलं.

"कुणाशी नाही."

"थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे जेवायला ये. आईची टर्की लाकडासारखी होते, पण घरात माणसं असतात."

"बघतो," तो म्हणाला. त्याला एवढंच हवं होतं, चित्र जाण्याआधी तिने पूर्ण वळावं. एकदा.

शेवटच्या सोमवारी दुपारी बाराला चित्रं न्यायला ट्रक येणार होता. तेरा चित्रं पेट्यांत गेली. अकरावं त्याने शेवटी ठेवलं होतं.

त्याने विजेरी लावली.

ती वळली होती.

अंबाडा लुएलाचा. कान लुएलाचा.

चेहरा तिचा नव्हता.

ही बाई त्याने जन्मात पाहिली नव्हती. रुंद जबडा, फिकट डोळे. ते डोळे त्याच्यावरच होते.

"वर्लिन, ट्रक आला!" टेसची हाक आली. "काही बदल?"

एवढे सोमवार तो खोटं लिहीत आला होता. त्याने विजेरी आणखी जवळ नेली.

"बदल आहे का रे?"

"नाही," तो म्हणाला.

बाई हसत होती. उशिरा घरी आलेल्या नवऱ्याकडे पाहून बायको हसते, तशी. आणि फोटोत टेबलाला लागून असलेली खुर्ची तिने त्याला बसण्यापुरती मागे ओढून ठेवली होती.