दुसऱ्यालाही लिहू द्यावं

बाबांची खोली सोमवारी भाड्याने जाणार होती, म्हणून रविवारी दुपारी ती कॉम्प्युटर आवरायला आली. बाबा गेल्यापासून तीन महिने तो कुणी बंदच केला नव्हता. तिला त्यातली एकच फाईल हवी होती, 'रोजची नोंद'.

बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकले आणि रोज दुपारी दोन-चार ओळी लिहू लागले. घरात लग्न असो की अंगात ताप असो, नोंद चुकायची नाही. जित्याची खोड, म्हणून सगळे हसायचे. तीही हसायची, आणि फोन करायचा मात्र राहून जायचा.

फाईल उघडेना. दुसऱ्या प्रोग्रामने ती उघडून ठेवली आहे, असं उत्तर आलं. चालू प्रोग्रामांची यादी तिने पाहिली, तर त्यात लिहायचा एकही नव्हता. दादाला फोन लावला. बंद करून परत चालू कर की, आपोआप सुटेल, असं तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. पण साठवायचं राहिलेलं काही असलं तर ते कायमचं गेलं असतं, आणि बाबांचं एक अक्षरही गमवायची तिची तयारी नव्हती.

तिच्या पोटापाण्याचं कामच ते. तिने चार ओळींचा कोड लिहिला: फाईल नुसती वाचायची, नवं काही आलं तर दाखवायचं. नकार आला. पुन्हा नकार. मग घोडं कुठे पेंड खातंय ते तिच्या लक्षात आलं. मी वाचतेय तोवर दुसऱ्या कुणी लिहायचं नाही, अशी अट तिने ऑफिसच्या सवयीने घातली होती. जो आधीच लिहायला बसलाय, त्याच्यापुढे ही अट कशी टिकणार? तिने ती बदलली. दुसऱ्यालाही लिहू द्यावं.

फाईल उघडली.

'आज गुडघा बरा. मुलीचा फोन नाही. कामात असेल.'

त्याखाली बाबा गेले त्या दिवसाची तारीख होती. 'गुडघा दुखायचा थांबला. मुलगी फार रडली.' त्याखाली दुसऱ्या दिवसाची. मग तिसऱ्या. एकही दुपार चुकलेली नव्हती.

कुणीतरी चावटपणा केलाय, असं तिने स्वतःला बजावलं आणि इंटरनेटची वायर उपटून काढली.

नवी ओळ आली. 'आज आली. पाठमोरी बसली आहे.'

तिचे हात कीबोर्डवरून उचलले गेले.

"बाबा?"

'हाक मारली. किती दिवसांनी.'

ती वळली. मागे पलंग, गुंडाळलेली गादी, भिंत. बराच वेळ पाहून ती पुन्हा पडद्याकडे फिरली.

'रोडावली आहे. माझ्या आरपार भिंतीकडे बघत राहिली.'

भीती वाटायला हवी होती. तिला फक्त त्यांना एकदा बघायचं होतं.

फोन वाजला. दादा होता.

"केलास का बंद?"

"खोली द्यायची नाही, दादा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

'खांद्यावर हात ठेवला आहे. तिला कळत नाही.'

खरंच तिला काही जाणवत नव्हतं. तरी तो हात सरकू नये, म्हणून ती अंग न हलवता बसून राहिली.