पहिल्या रांगेतली सीट

किणकिण... फ्रीजवर ठेवलेला फोन थरथरला आणि शेजारच्या स्टीलच्या वाटीला लागला. रविवार दुपारचे चार. करी रोडच्या आमच्या दोन खोल्यांत तोवर फक्त पंख्याचा आवाज होता. मनू, माझी पाच वर्षांची लेक, आत झोपलेली. मी धावत जाऊन फोन उचलला.

सौमित्रचे फोटो. टूरच्या ग्रुपवर.

सौमित्र टूर मॅनेजर. मी दादरच्या ऑफिसात बसून प्रवाशांच्या याद्या भरते आणि सहलींच्या पुस्तिका लिहिते. कुठे काय बघायचं, कुठे किती चढायचं, स्वच्छतागृह कुठल्या कोपऱ्यात... स्वतः मात्र त्यातलं काहीच पाहिलेलं नाही. आमची ओळख त्यावरूनच झाली. गेल्या वर्षी तो अकाउंट्सवाल्यांना शोधत चुकून आमच्या मजल्यावर आला, आणि माझ्या टेबलावरची पुस्तिका बघून थांबला.

"ही तुम्ही लिहिलीत? मिडलबर्गच्या मनोऱ्याला पायऱ्या किती?"

"एकशे सात."

"दोनशे सात. वरच्या शंभर पायऱ्या आमच्या टूरमधले चिंतामणी काका माझ्या नावाने शंख करत चढले."

"सॉरी... मी तो पाहिलेला नाही. मी राजाबाई टॉवरसुद्धा खालूनच बघितलाय."

तो हसला नाही. माझंच पेन घेऊन त्याने पुस्तिकेत एकाचे दोन केले, आणि पेन खिशात घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी ते परत द्यायला आला. तिसऱ्या दिवशी कशाला आला, ते त्यालाही सांगता आलं नाही.

तेव्हापासून तो जाईल तिथून मला पायऱ्या मोजून कळवतो. नेदरलँड्समधला झेलंड हा त्याचा लाडका प्रांत, समुद्रात पाय सोडून बसल्यासारखा. तिथे झिरिकझे गावात एक जाडजूड मनोरा आहे. पाचशे वर्षांपूर्वी बांधता बांधता अर्ध्यावर राहिला तो राहिलाच. "तरी लोक हौसेने चढतात, मेघना," तो व्हॉइस नोटमध्ये म्हणाला होता. मागे वारा घोंघावत होता. ती नोट मी सात वेळा ऐकली. अर्ध्यावर राहिलेला माझाही एक संसार आहे, हे त्याला ठाऊक होतं...

या टूरवर जायच्या आदल्या संध्याकाळी, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, मनू भेळेतली कैरी वेचून खात असताना त्याने विचारलं, "तुझ्या आणि मनूच्या घरात मला जागा होईल?"

माझ्या हातातला भेळेचा कागद चुरगळला.

"आत्ता नको सांगूस. मी परत आलो की सांग."

उद्या सकाळी तो परत येणार होता. आणि माझं 'हो' अकरा दिवस जिभेच्या टोकावर होतं. या फोटोंपर्यंत.

परवाचा फोटो: झिरिकझेची जुनी वेस, मागे आमची बस. सौमित्रच्या शेजारच्या सीटवर, पहिल्या रांगेत, पिवळ्या रेनकोटमधली मुलगी. नूपुर, पुण्याची. कालचा: वेरे गावाचं चिमुकलं बंदर, नगरभवनाचा कांद्यासारखा कळस, आणि बसच्या काचेआड तीच, तिथेच. आजचा: मिडलबर्गच्या मठाचं अंगण, भिजलेली फरशी, आणि नूपुरच्या खांद्यावर... सौमित्रचं निळं जॅकेट. त्याची उसवलेली बाही मी शिवली होती. माझ्या हातांनी.

आमच्या टूरमध्ये एक नियम असतो. रोज सकाळी सगळ्यांनी दोन रांगा मागे सरकायचं, म्हणजे पुढची सीट प्रत्येकाला मिळते. पुस्तिकेत तो मीच लिहिलाय, नियम क्रमांक सहा. त्यासाठी आजोबा लोक भांडतात. आणि ही दोन्ही दिवस हललीच नव्हती.

मनूच्या बाबांचंही मला सगळं फोटोंवरूनच कळलं होतं. मी सौमित्रला मेसेज लिहिला, 'माझं उत्तर: नाही.' बोट बटणावर गेलं... आणि मी त्याऐवजी फोनच लावला.

"नियम क्रमांक सहा काय आहे?"

"अगं, हॅलो तरी म्हण."

"काय आहे?"

"रोज दोन रांगा मागे."

"मग पिवळा रेनकोट पुढेच कसा?"

पलीकडे घंटा वाजत होती. "मेघना... तू जळतेयस."

"मी कंपनीतर्फे विचारतेय."

"बरं. कंपनीतर्फे प्रवाशांची यादी उघड. सतरावं नाव."

मी लॅपटॉप उघडला. सतरावं नाव नूपुरचं. समोर शेरा: 'बस लागते. कायम पहिली सीट द्यावी. आल्याच्या गोळ्या जवळ ठेवाव्या.' खाली शेरा लिहिणारीचं नाव. माझं.

माझे कान तापले. "आणि... जॅकेट?"

"तिचा रेनकोट उलटीत वाया गेला, म्हणून माझं दिलं. आता तेही गेलं. मी दोनशे सात पायऱ्यांच्या खाली कुडकुडत उभा आहे. अजून काही, कंपनीतर्फे?"

"नाही."

"आणि मेघनातर्फे?"

मी खिडकीशी गेले. समोरच्या टॉवरच्या काचांवर ऊन उतरत होतं. लिहून ठेवलेला मेसेज मी एकेक अक्षर पुसला.

"जॅकेट धुवायला घेऊन ये," मी म्हटलं. "इकडेच. आणि... हो."

"हो कशाला?"

"कट्ट्यावर विचारलंस त्याला."

पलीकडून नुसता श्वास सोडल्याचा आवाज... आणि मला तेवढाच पुरला.

वळले तर मनू दारात उभी. तिने आमच्या दोन खुर्च्या ओढून शेजारी शेजारी लावल्या होत्या. दर रविवारची आमची बस. ती खिडकीत बसते, मी तिच्या बाजूला, आणि मी पुस्तिका वाचून तिला गावं दाखवते.

"सौमित्रकाका आपल्याकडे येणार?"

"हो गं राणी. आवडेल?"

तिने मान डोलावली. मग खुर्च्यांकडे पाहत राहिली. एकीवर हात ठेवला, दुसरीवर ठेवला.

"पण आई, तू काकाच्या शेजारी बसलीस की माझ्या शेजारी कोण बसणार?"