ओडेत वालमोरला दिलेला आवाज

१९७९ साली धारवाडच्या आमच्या फिल्म सोसायटीत फ्रेंच कोणालाच येत नव्हतं, आणि त्याची कोणाला लाजही नव्हती. म्हणून दर रविवारी संध्याकाळी सप्तापूरच्या हॉलमध्ये चित्रपटाचा आवाज बंद करून चिटणीस, म्हणजे मी, सोबत आलेल्या इंग्रजी संहितेवरून पात्रांचे संवाद माइकवर मराठीत म्हणत असे. अर्धे सभासद फुकटच्या चहासाठीच येत.

त्या महिन्यात ओडेत वालमोर या नटीचे चित्रपट आले होते. सोबतच्या पत्रकात तिचं चरित्र होतं. आधी कापडाच्या दुकानात नोकरी, मग पॅरिसची रंगभूमी, वीस-बावीस चित्रपट, दोन नवरे. तिच्या आवाजावर म्हणे सगळा देश फिदा होता. पन्नाशीच्या आत घसा गेला, तेव्हा शेवटच्या चित्रपटांत तिला दुसऱ्याच बाईचा आवाज लावला. वाचून मला हसू आलं. तोंड रंगवून उभं राहण्यापलीकडे असल्या बायांना येतं काय?

नेमकं त्याच आठवड्यात माझ्या बायकोला, हेमावतीला, आकाशवाणीवरच्या नाटकात काम करण्यासाठी पत्र आलं. उत्तर लगेच कळवायचं होतं.

"मला एवढं बोलायलाच तर येतंय. जाऊ द्या की हो," ती म्हणाली.

बायकोनं रेडिओवर गळे काढायचे आणि केशवापुरातल्या माझ्या भावांनी ते ऐकायचे! रविवारी मी तिच्या नावानं नकार लिहिला, पेटीत टाकला आणि हॉलवर गेलो.

दुसऱ्या रिळात माझ्या लक्षात आलं, माझं वाक्य संपलं की ओडेतचे ओठ मिटतात. सरावानं जमलं असेल, असं वाटून मी खूशही झालो. मुद्दाम एक पाचकळ वाक्य घुसडलं. त्याच्या प्रत्येक शब्दावर तिचे ओठ हलले.

प्रोजेक्टर चालवणारा बाळाप्पा कानाशी येऊन म्हणाला, "सर, बाई तुमचंच बोलालीय."

अडाण्याच्या नादी काय लागायचं? तरी मी बोलायचा थांबलो.

तीही थांबली. समोरचा नट हातवारे करत राहिला. ती त्याला सोडून माझ्या माइककडे बघत होती.

मला भीती वाटली. माइक तसाच टाकून मी घर गाठलं.

हेमावती मेथी निवडत होती. मला बघून तिनं तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या, पण आवाज आला नाही. ती नुसती वाट बघत राहिली.

"अगं, बोल की," मी म्हणालो.

मी बोलत होतो तेव्हाच तिचेही ओठ हलत होते. अगं, बोल की.