कोर्टाच्या बागेतलं पान

अरुशात जुलैची थंडी येते ती बिनबोलावल्या पाहुणीसारखी. हाडात शिरते आणि उठायचं नाव घेत नाही. त्या सकाळी मेरूचा डोंगर ढगात गेला होता, कोळसा ओला होता, आणि मी शेगडीपुढे बसून कोळशाच्या सात पिढ्या काढत होते. इतक्यात डोक्यावरून आवाज आला.

"सुई मिळेल का?"

वर पाहिलं. ताडासारखा उंच माणूस. हातावर काळा झगा, झग्याची कड फाटून लोंबणारी. पापण्यांवर धुक्याचे बारीक थेंब...

"ही खानावळ आहे. शिंपी पलीकडे बसतो."

"शिंपी अजून उठलेला नाही. आणि मला थोड्या वेळात कोर्टात उभं राहून सगळ्यांना 'उठा' म्हणायचंय. फाटक्या झग्याचं ऐकून कोण उठेल?"

मला हसू आलं. आणि हसू आलं की माझा हात आपोआप तोंडावर जायचा. आमच्या भागातल्या पाण्याने दात तपकिरी होतात. इथे जन्मलेल्या कुणाला त्याचं काही वाटत नाही. मलाच वाटायचं.

पिठाच्या पोत्याचा दोरा घेतला आणि टाके घातले. काळ्या झग्यावर पांढरे, ठसठशीत.

"दिसतील बरं का," मी म्हटलं.

"दिसू देत. जजांना तेवढाच विरंगुळा!"

हा ग्वाकिसा. दूर दक्षिणेचा, टुकुयूचा, चहाच्या मळ्यांकडचा. आमच्या खानावळीसमोरच्या त्या मोठ्या कोर्टात, म्हणजे सगळ्या आफ्रिकेतल्या माणसांच्या हक्कांसाठी आहे त्या कोर्टात, तो पुकारा करायचा आणि फायली वाहायचा. तीन वर्षांच्या करारावर आला होता. मी मंका, मारांगूची. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, पदरी एक मुलगी हायका, आणि चौथीपर्यंतची शाळा. पण माझ्या खानावळीत माझ्या शब्दावर ड्रायव्हर, वकील, साहेब सगळे ताट उचलून धुवायच्या ठिकाणी नेऊन ठेवायचे. त्याचा मला भारी ताठा होता.

दुसऱ्या दिवशी तो दुपारी जेवायला आला. हायका शाळेत जाताना फळ्यावर पदार्थ लिहून जायची: केळी-मटण, मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, घेवडा, चपाती. त्याने खिशातून खडू काढला आणि त्याखाली एक ओळ लिहिली.

"माझ्या फळ्यावर काय खरडलंत?"

"रोज एक प्रश्न, कोर्टाबद्दल. तुमचं उत्तर बरोबर आलं तर तुम्ही मला काहीही विचारायचं, घरचं, मनातलं. चुकलं तर मी विचारणार."

"आणि मी खेळलेच नाही तर?"

"तर सगळे म्हणतील, हायकाची आई घाबरली."

मी? घाबरली? "वाचा मोठ्याने," मी म्हटलं. मला अक्षरं एकेक करून लावावी लागायची, हे त्याला कळायला नको होतं. त्याला कळलं होतं. पण त्या दिवसापासून रोज प्रश्न लिहिला की तो स्वतःच खणखणीत वाचायचा, जणू सगळ्या गिऱ्हाइकांसाठीच.

"कोर्टात जज किती?"

"अकरा."

"अरे! कसं ओळखलंत?"

"फुटबॉलची टीम असते तेवढे. त्याहून जास्त पुरुष एका ठिकाणी नीट बसत नाहीत."

"त्यांत बायकाही आहेत."

"मग बाकीचे नीट बसत असतील."

खानावळ हसली. मी त्याला विचारलं, "लग्न का नाही केलंत?" तो म्हणाला, "केलं होतं. ती बाळंतपणात गेली. बाळही गेलं." मी त्याच्या ताटात न मागता मटणाचा तुकडा वाढला. आम्हाला दुःखावर बोलता येत नाही, वाढता येतं.

मग रोजचंच झालं. एकाच देशाचे दोन जज असतात का? "असतात," मी म्हटलं, आणि चुकले. त्याने विचारलं, "हसताना तोंड का झाकता?"

"माझं तोंड, माझा हात. तुम्हाला काय करायचंय?"

"नियम म्हणजे नियम. उत्तर द्या."

"दात... चहाच्या रंगाचे आहेत म्हणून."

तो हळूच म्हणाला, "मी चहाच्या गावचा आहे, मंका. मला तो रंग घरचा वाटतो."

त्या दिवशी मी घेवड्यात दोनदा मीठ घातलं. कुणी तक्रार केली नाही. करणार कुणाकडे?

जज किती वर्षांसाठी निवडतात? सहा. सगळे जज अरुशातच राहतात का? नाही, फक्त अध्यक्ष राहतात, बाकीचे बैठकीपुरते येतात. बैठकीचे दिवस आले की माझ्याकडे गर्दी व्हायची, आणि त्या गर्दीतून एक नजर चुलीपर्यंत यायची... मी पाठमोरी असले तरी कळायचं. दोन वर्षं गेली. पांढरे टाके त्याने कधी उसवू दिले नाहीत. मी मनातल्या मनात 'तुम्ही'चं 'तू' कधी केलं, मलाच कळलं नाही.

मार्चमध्ये त्याचा करार संपायचा होता. फेब्रुवारीतली एक दुपार, खानावळ खचाखच भरलेली. त्याने प्रश्न लिहिला आणि वाचला.

"जजाच्या स्वतःच्याच देशाचा खटला आला, तर तो जज काय करतो?"

"काय करणार? तोच बसणार," मी म्हटलं. "घरचं भांडण घरच्यालाच कळतं."

"चूक. तो उठून जातो. आपल्या माणसांचा न्याय करताना माणसाचा तोल राहत नाही, म्हणून."

खडू खिशात ठेवताना खिशातून एक फोटो खाली पडला. फुलाफुलांचं कितेंगे नेसलेली एक बाई, दोन मुलं, आणि थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा ग्वाकिसा. त्याने वाकून तो उचलला, पुसला, छातीशी ठेवला. किती जपून ठेवला!

मी हरले होते, म्हणजे त्या दिवशी विचारायचा हक्क त्याचा होता, माझा नव्हता. मी नियमाची पक्की. फोटोतली बाई कोण, एवढे तीन शब्द माझ्या जिभेवर आले आणि ताठ्याने मी ते गिळले.

तो जवळ आला. आवाज खाली आणला. "मंका, मार्चनंतर मी इथेच राहिलो तर... तुला चालेल?"

पहिल्यांदाच 'तुला' म्हणाला होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी विरघळले असते.

"घरी बायको-पोरं ठेवून इथे दुसरी चूल मांडायला निघालात?" मी एवढ्या मोठ्याने बोलले की बाहेरचे मोटारसायकलवालेसुद्धा वळले. "मेलेल्या बायकोची गोष्ट सांगून मटण खाल्लंत दोन वर्षं!"

"ऐकून तर घे—"

"ह्या खानावळीत जज मीच आणि पुकारा करणारीही मीच. उठा!"

तो उठला. ताट धुवायच्या ठिकाणी नेऊन ठेवलं आणि गेला.

आमच्या चग्गा लोकांत माफी मागायची एक रीत आहे. इसालेचं हिरवंगार पान घ्यायचं, त्याला गाठ मारायची आणि एखाद्या वडीलधाऱ्याच्या हाती पाठवायचं. ते पुढे आलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही. भावाने भावाच्या रक्ताला माफी दिलेली मी पाहिलीय, त्या पानापुढे. ग्वाकिसाला हे मीच एकदा सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी तो आला. हातात पान नव्हे, अख्खा शेंडाच, देठासकट मोडलेला. कोर्टाच्या बागेत शोभेला लावतात ना, त्या पांढऱ्या काठाच्या झाडाचा. वरच्या पानाला गाठ मारलेली. आणि आणला तोही स्वतःच्या हाताने.

कुणाच्याही पुढे न वाकणारी मी, पण ते पान घ्यायला माझा हात पुढे झाला. आणि त्याच क्षणी डोळ्यांना पांढरा काठ दिसला. बुडत्याला काठी मिळावी तसा माझ्या ताठ्याला तो काठ मिळाला.

"हे इसाले नाही," मी म्हटलं. "हा साहेबांच्या बागेतला नखरा आहे. इसाले हिरवं असतं. आणि ते स्वतः आणत नाहीत, वडीलधाऱ्याच्या हाती पाठवतात. दोन्हीकडून चुकलात."

कोपऱ्यातले दोन ड्रायव्हर फिदीफिदी हसले.

तो म्हणाला, "रंग चुकला असेल. गाठ तरी बरोबर आहे ना?"

गाठ बरोबर होती. अगदी बरोबर, माझी आजी मारायची तशी. त्याच्या हातून शेंडा घेतला आणि मागे भांडी धुतात तिथे भिरकावून दिला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो बसने गेला. मला दुसऱ्या दिवशी कळलं. फळा तसाच होता, पदार्थांखाली कोरी जागा...

सव्वा वर्षाने एक बाई खानावळीत शिरली. फुलाफुलांचं कितेंगे. मी लगेच ओळखलं. कमरेवर हात ठेवून उभी राहिले, म्हटलं आता हिच्याशी दोन हात.

"तुम्ही हायकाची आई ना?" ती म्हणाली. "मी तुम्पाले. ग्वाकिसा माझा दीर."

"दीर?"

"माझा नवरा खाणीतल्या अपघातात गेला. तेव्हापासून पोरांचं सगळं दिरांनीच केलं. बहिणीकडे मोशीला चाललेय, म्हटलं ज्या घरी यायचं राहिलं ते घर तरी बघून जावं." ती बाकावर टेकली. "गेल्या वर्षी दिरांनी निरोप पाठवला होता, वहिनी, मार्चमध्ये अरुशाला या, माझी बोलणी करायला मोठं माणूस दुसरं कोणी नाही. मी शेळीसुद्धा ठरवली होती हो. मग दुसरा निरोप आला, नका येऊ, निकाल लागला."

मी तिच्यापुढे चहा ठेवला.

"आता... कसे आहेत?"

"बरे आहेत. ह्या ईस्टरला लग्न झालं. मुलगी शाळेत शिकवते. गरीब आहे, बोलत नाही फारशी."

"बरं केलं," मी म्हटलं. "बोलणाऱ्या बायका कामाच्या नाहीत."

मागे गेले. भांड्यांच्या पाण्यावर तो फेकलेला शेंडा रुजला होता, कमरेएवढा झाला होता. रोज बघत होते, उपटवत नव्हता. पांढऱ्या काठाचं एक पान तोडलं, गाठ मारली आणि तुम्पालेच्या हातात दिलं. वडीलधाऱ्याच्या हाती, रीतीप्रमाणे. "लग्नासाठी नाही," मी म्हटलं. "फक्त माफीसाठी. म्हणावं, रंग मुद्दामच हा आहे."

दोन महिन्यांनी एका बसड्रायव्हरने पुडकं आणून दिलं. टुकुयूचा चहा. आत चिठ्ठी. मी कुणाला वाचायला दिली नाही. रात्र नव्हती, गुपित नव्हतं, भर दुपारी चुलीपाशी बसून एकेक अक्षर लावलं. चारच शब्द होते.

"गाठ बरोबर आहे, मंका."

तेव्हा मी हसले की रडले, आठवत नाही. हात मात्र तोंडावर गेला नव्हता.

गेल्या रविवारी हायकाला मागणी आली. मुलगा बुकोबाचा, परका, आमच्या चालीरीतीतलं ओ की ठो कळत नाही. मोठ्या माणसांनी बोलणी केली, मग माझे दोघे दीर, भाऊ, सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. माझ्या जिभेवर दहा वाक्यं तयार होती, एकाहून एक धारदार. पोराने घाबरून हायकाकडे पाहिलं. हायकाने माझ्याकडे.

मी उठले.

"अगं आई, कुठे चाललीस? तुझा निकाल काय?" हायका ओरडली.

"तुझा तू दे," मी म्हटलं. "माझ्याच देशाचा खटला आहे हा."

आणि मागे जाऊन त्या पांढऱ्या काठाच्या झाडाला पाणी घालत बसले.