अडवलेला नंबर

वर्षाराणीचं त्या दिवशीचं काम तसं साधंच होतं. आष्टीतल्या घरी, मागच्या खोलीत बसून ती पुण्याच्या एका कंपनीचे क्लाउडवरचे सर्व्हर सांभाळायची. ऊसतोड मजुरांची एक मदतवाहिनी बंद झाली होती. तिचे फोन ज्या व्हर्च्युअल मशीनवर यायचे, त्याच्याकडे जाणारी सगळी वाहतूक, म्हणजे येणारे फोन, आधी अडवायची आणि मग मशीन पुसून टाकायचं. एवढंच.

एप्रिलची दुपार होती. कूलरच्या ओल्या गवताचा कुबट वास खोलीभर साचला होता. सकाळी सहापासून स्क्रीनकडे बघून तिचे डोळे चुरचुरत होते. कुणाला आत सोडायचं हे ठरवणाऱ्या फायरवॉलचे परवानगीचे नियम तिने एकेक करून काढले. शेवटी लिहिलं : कुणालाही प्रवेश नाही.

स्क्रीनवर उमटणाऱ्या फोनच्या नोंदी थांबल्या. मग एक ओळ उमटली. फोन आत आला होता.

तिने सगळे नियम पुन्हा तपासले. वाट कुठेच नव्हती. दहा मिनिटांनी पुन्हा तोच नंबर. तिने पुण्याला, वरिष्ठ धनश्री मॅडमना फोन लावला.

"जुनी नोंद असेल गं," त्या म्हणाल्या. "दमलीयेस तू. मशीन पूस आणि जरा पड."

खरंच दमली होती ती. तरी तिने तो नंबर जुन्या नोंदींत शोधला. दोन वर्षांमागच्या जानेवारीत तो सापडला. त्या दुपारी फोनचा लोंढा आला होता. मशीन कोलमडू नये म्हणून कुणीतरी तासभर काही नंबर अडवले होते. हा त्यातलाच. तासात तेवीस वेळा नाकारलेला. त्यानंतर कधीच न आलेला.

नियमाखाली नाव होतं वर्षाराणीचंच.

पुढचा फोन आला तेव्हा तिने हेडफोन लावून तो घेतला. कोरड्या पाचटावर कुणीतरी धापा टाकत चालत होतं.

"बाई... गाडी पाठिवता का? लई रगत जातंय..."

"कुठं हाय तुमी?" तिच्या तोंडून घरची बोली निघाली.

"उसाच्या फडात... कवाची लावतेय... कुणी घेईनाच..."

"माझं चुकलं," वर्षाराणी कशीबशी म्हणाली. "घेते तुमाला आत." आणि तिने त्या एका नंबरासाठी परवानगीचा नियम लिहिला. त्याचा उपयोग काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

धाप थांबली.

"आले बाई..." आवाज आता कानाशीच होता. "माझ्या मागं बी लई जणी हाईत..."

फोन तुटला. तिने नियम काढला, मशीन पुसलं. नोंदींचा पडदा कोरा झाला. ती तशीच टेबलावर डोकं टेकून बसून राहिली. उठायचंही त्राण नव्हतं.

बाहेरून सासूबाईंची, भिवराबाईंची हाक आली.

"वर्षा, पाणी आण गं. तांब्या नगं, घागरच आण."

"कावून, आत्याबाई?"

"एवढ्या बाया उन्हातनं आल्यात, तांब्यानं काय हुतंय?"

ती दारात आली. ओसरी रिकामी होती. भिवराबाई मात्र पदर सावरत भिंतीकडे सरकल्या... मग आणखी थोड्या सरकल्या.